दोन बटणांवर डोलणारी दुनिया : ‘लोकोरोको’विषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमविषयी लिहिताना ‘लोकोरोको’चा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही या वेळी निवडली आहेत. ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोनी कंपनीच्या पीएसपी या लहानशा यंत्रासाठी तो 2006 साली आला. त्याचे दिग्दर्शक त्सुतोमु कोनो. रंगीत, गोलमटोल, गाणाऱ्या जीवांना उतारांवरून, झोक्यांवरून आणि बोगद्यांतून घरंगळत मुक्कामी पोहोचवायचे, हाच त्याचा विषय.

प्रश्न : माझ्या भावाने त्याचा जुना पीएसपी आणि त्यासोबत ‘लोकोरोको’ची डिस्क माझ्या सात वर्षांच्या मुलीला दिली आहे. चित्रे फार गोड आहेत. पण नुसते गोड दिसणारे गेम चार दिवसांत अडगळीत जातात, असा माझा अनुभव आहे. या गेममध्ये दिसण्यापलीकडे काही आहे का? (एक आई, नाशिक)

उत्तर : आहे, आणि ते नेमके काय आहे हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

बहुतेक प्लॅटफॉर्म गेममध्ये आपण एका पात्राला चालवतो. डावीकडे दाबले की ते डावीकडे धावते, उडीचे बटण दाबले की उडी मारते. ‘लोकोरोको’मध्ये आपण पात्राला हातच लावत नाही, आपण जमीन कलती करतो. यंत्राच्या वरच्या कडेला डाव्या आणि उजव्या टोकांशी दोन बटणे आहेत. डावे दाबले की सगळे जग डावीकडे झुकते आणि लोकोरोको त्या उतारावरून घरंगळत जातो, उजव्याचेही तसेच. दोन्ही बटणे एकदम दाबून सोडली की तो उडी मारतो. कथेच्या दृष्टीने आपण म्हणजे प्रत्यक्ष तो ग्रहच आहोत, आणि अंगाखांद्यावर खेळणाऱ्या लेकरांना मोठ्या माणसाने सांभाळून पुढे न्यावे तसे आपण त्यांना नेतो. आपल्या मुलीला हे शब्दांत सांगावे लागणार नाही. परातीत लाडू इकडून तिकडे घरंगळवलेला कोणताही मुलगा किंवा मुलगी हा खेळ पहिल्या मिनिटात समजून घेते.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. प्रत्येक लेव्हलच्या सुरुवातीला आपल्याकडे एकच लोकोरोको असतो. वाटेत फळे लागतात. त्यातले एकेक खाल्ले की लोकोरोको एकाने वाढतो, पण दुसरा शेजारी उभा राहत नाही, तर त्याच अंगात मिसळून अंग मोठे होते. असे जास्तीत जास्त वीस. अरुंद फट आली की गोल चिन्हाचे बटण दाबायचे. मोठा गोळा फुटून वीस चिमुकले जीव पळत सुटतात, फटीतून पलीकडे जातात, आणि तेच बटण दाबून धरले की पुन्हा एक होतात. शत्रूचा किंवा काट्यांचा मार बसला की घोळक्यातले कमी होतात आणि अंग लहान होते. म्हणजे इतर गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात जे आकडे आणि पट्ट्या असतात (किती प्राण उरले, किती गुण झाले, किती ताकद आहे) ते सगळे इथे त्या गोल देहातच सामावले आहे. वाचता न येणाऱ्या मुलालाही आपण बऱ्या स्थितीत आहोत की नाही हे नुसत्या आकारावरून कळते. मांडणीची ही काटकसर मला आजही थोर वाटते, आणि गोंडसपणा तिच्यावर वरून चढवलेला मुलामा नाही. चेहऱ्यावरचे दोन डोळे आणि एक तोंड एवढ्यावर भीती, आनंद, ओरडणे, गाणे सगळे दिसते, आणि त्या दिसण्यावरूनच पुढे काय करायचे ते आपण ठरवतो.

चित्रांविषयीही एक वाक्य लिहायला हवे. सपाट रंग, गोलसर आकार, छायाप्रकाशाची गुंतागुंत नाही. रंगीत घोटीव कागद कापून चिकटवावेत तसे सगळे दिसते. त्या काळातील अनेक खेळ खऱ्यासारखे दिसण्याच्या नादात आज धुरकट आणि जुने वाटतात. हा अजून कालच काढल्यासारखा दिसतो.

सात वर्षांच्या मुलीसाठी एकच अडचण सांगतो. ती दोन बटणे यंत्राच्या वरच्या कोपऱ्यांवर आहेत आणि लहान तळहाताला त्यांवर बोटे ठेवून यंत्र तोलणे अवघड जाते. तिला मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर यंत्र टेकवून बसू द्या, आणि एका वेळी एक किंवा दोन लेव्हल पुरेत.

प्रश्न : मी इंजिनियरिंगचा विद्यार्थी आहे. आपल्या लेखावरून हा गेम मिळवला आणि दोन दिवसांत संपवला. सुरुवातीला मजा आली, मग तेच तेच वाटू लागले. उडी हातात येत नाही, कुठे लवकर पोहोचायचे म्हटले तर पोहोचता येत नाही, आणि आव्हान असे जवळजवळ नाहीच. या गेमचे कौतुक त्याच्या गोंडसपणामुळे जास्त झाले आहे, असे मला वाटते. माझे चुकते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या तक्रारींपैकी तीन रास्त आहेत आणि एकीशी मी सहमत नाही.

तेच तेच होते ही तक्रार रास्त आहे. गेममध्ये पाच जगे आणि प्रत्येकात आठ, अशा चाळीस लेव्हल आहेत. हिरवी कुरणे येतात, घसरडा बर्फ येतो, एका ठिकाणी तर आपण एका अजस्र जिवाच्या पोटातून प्रवास करतो, आणि तिथली मऊ, लिबलिबीत जमीन पहिल्यांदा पायाखाली आली तेव्हा मी थक्क झालो होतो. परंतु प्रत्येक नव्या जगातले नवेपण मुख्यतः जमिनीच्या स्वभावात असते. आपल्या हातातले काम बदलत नाही. कलवणे, उडी, फुटणे, एकत्र येणे या चार गोष्टी पहिल्या अर्ध्या तासात शिकून होतात आणि शेवटपर्यंत पाचवी येत नाही. लोकोरोकोचे सहा रंग आहेत, पिवळा, गुलाबी, निळा, लाल, हिरवा आणि काळा. एकेक रंग मिळत जातो तसा हुरूप वाढतो, पण रंगाबरोबर फक्त आवाज, गाणे आणि रूप बदलते, कसब तेच राहते. इथे दिग्दर्शकाच्या हातून एक मोठी संधी निसटली असे मी मानतो. निळ्याने पाण्यात बुडी मारली असती किंवा काळ्याने जड होऊन फळी दाबली असती, तर चाळीस लेव्हलना वेगवेगळी चव आली असती. 2008 सालच्या दुसऱ्या भागात पाण्यात पोहणे आणि वस्तू तोंडाने पकडणे अशा नव्या गोष्टी आल्या. पहिल्या भागातली उणीव निर्मात्यांनाही जाणवली असावी, असा तर्क त्यावरून करता येतो.

उडीविषयीची आपली तक्रारही खरी आहे, पण तिचे कारण पाहिले पाहिजे. धावत्या पात्राची उडी म्हणजे आपल्या अंगठ्याचा थेट हुकूम असतो. इथे उडी हा जमिनीने दिलेला धक्का आहे. तो लागतो त्या क्षणी गोळा उताराच्या कोणत्या भागावर आहे आणि किती वेगात आहे, त्यावर उडी कुठे जाईल ते ठरते. हा अनिश्चितपणा सौम्य उतारांवर गोड वाटतो. शेवटच्या लेव्हलमध्ये काटे, खोल दऱ्या आणि हलत्या फळ्या एकत्र येतात, तेव्हा मात्र अन्यायकारक होतो. ज्या गेमने आपल्याला तीस लेव्हल निवांत बागडायला शिकवले, तो अखेरीस अचूकपणा मागू लागतो आणि त्यासाठी लागणारी साधने मात्र देत नाही. मला हा त्याचा सर्वांत गंभीर दोष वाटतो.

वेग नाही हेही खरे. झोका आपल्याकडे येईपर्यंत थांबावे लागते, फुटलेल्या वीस जणांतला एखादा मागे राहिला तर तो येईपर्यंत जग मागेपुढे कलवत बसावे लागते, आणि कधी तो दरीत पडतो. परत जाऊन आणण्याची सोय प्रत्येक वेळी नसते.

आता ज्या मुद्द्याशी मी सहमत नाही त्याकडे येतो. आव्हान नाही असे आपण म्हणता. पण शेवटच्या दरवाजापर्यंत पोहोचणे एवढेच आव्हान धरले, तरच ते पटते. प्रत्येक लेव्हल संपली की वीसपैकी किती लोकोरोको आणले, मुईमुई नावाच्या लपलेल्या तीन बुटक्या जिवांपैकी किती सापडले, पिकोरी नावाचे किडे किती गोळा झाले आणि वेळ किती लागला, याचा हिशेब पडद्यावर येतो. आपल्या पहिल्या फेरीत वीसच्या वीस किती लेव्हलमध्ये आले होते? माझ्या पहिल्या फेरीत फारच थोड्यांत आले. भरीव दिसणाऱ्या भिंतीत वाट असते, छतावर न दिसणारा कप्पा असतो, आणि तो सापडावा म्हणून उतारावरून मुद्दाम उलट्या दिशेला जाऊन पाहावे लागते. पुढे धावणाऱ्याला हा गेम काहीच देत नाही. भिंतीला हळूच अंग टेकवून पाहणाऱ्याला मात्र तो खूप देतो. मुईमुईंकडून घराचे सुटे भाग मिळतात आणि त्यातून आपल्या लोकोरोकोंसाठी एक घर बांधता येते, ज्यात ते आपले आपण घरंगळत, उडत, फिरत राहतात. त्या घरापायी मी मुख्य गेमहून जास्त वेळ घालवला आहे.

तरीही आपल्या मताला एक बाजू आहे, ती मान्य करतो. एखाद्या लेव्हलमध्ये एकोणीस जमले आणि विसावा राहिला, तर त्या एकासाठी सारी लेव्हल पुन्हा खेळावी लागते. दुसऱ्यांदा खेळताना रस्ता माहीत असतो, आश्चर्य उरलेले नसते, आणि संथपणा दुपटीने जाणवतो. दोन दिवसांत सलग खेळल्यामुळे आपल्याला हे दोष दाट दिसले. हा गेम घडवला आहे तो बसच्या किंवा लोकलच्या प्रवासात पाच-दहा मिनिटे काढण्यासाठी. पीएसपीचे पॉवरचे बटण क्षणभर सरकवले की गेम आहे तिथे थांबतो, आणि पुन्हा सरकवले की तिथूनच सुरू होतो. रोज दोन लेव्हल या गतीने खेळलेल्या माणसाचे मत आपल्यापेक्षा बरेच वेगळे पडेल.

प्रश्न : मी संगीत शिकवते. माझा विद्यार्थी हा गेम वर्गात घेऊन आला होता आणि त्यातले गाणे त्याने मला ऐकवले. चाल लगेच ओठांवर बसली, पण भाषा ओळखता आली नाही. ही जपानी आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. ती कोणाचीच भाषा नाही. गाण्यांतले शब्द या गेमसाठी नव्याने रचलेले आहेत आणि त्यांना अर्थ नाही. कानाला मात्र ती सतत एखादी खरी भाषा वाटत राहते. कधी फ्रेंचचा भास होतो, कधी आफ्रिकेतल्या एखाद्या भाषेचा, कारण अक्षरांचे वजन, स्वरांची लांबी आणि यमके अगदी खऱ्या गाण्यासारखी सांभाळली आहेत. आपल्याकडच्या बडबडगीतांत हेच घडते. मांडीवरच्या बाळाला जे शब्द आपण म्हणून दाखवतो त्यांतल्या कितीतरींचा अर्थ म्हणणाऱ्यालाही सांगता येणार नाही, पण त्यांचा ठेका चुकला तर बाळाच्या लगेच लक्षात येते.

याचा व्यावहारिक फायदाही मोठा आहे. गाणे कोणत्याच देशाचे नसल्यामुळे जपानमधल्या, युरोपातल्या आणि आपल्याकडच्या मुलाला ते सारखेच परके आणि सारखेच आपले वाटते. आपण संगीत शिकवता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कोणत्या रंगाचा लोकोरोको घेऊन लेव्हल सुरू केली त्यावर आवाज बदलतो. गुलाबीचा गोड आणि नाजूक, काळ्याचा खर्जातला. गाणारी तोंडेही पडद्यावर दिसतात. गोळा फुटला की वीस तोंडे दिसतात, आणि वृंदगान आणि एकल गायन यांतला फरक मूल डोळ्यांनी पाहते. ब्रिटिश अकादमीच्या, म्हणजे बाफ्ताच्या, 2006 सालच्या गेम पुरस्कारांत ‘लोकोरोको’ला मुलांसाठीचा सर्वोत्कृष्ट गेम आणि सर्वोत्कृष्ट पात्र असे दोन सन्मान मिळाले. त्या पात्राचा निम्मा जीव त्याच्या आवाजात आहे, असे मला वाटते.

एक उणीव इथेही आहे. गाणी मोजकीच आहेत आणि एका लेव्हलभर तेच कडवे फिरत राहते. कुठे अडकून पडलात, तर तीच चाल विसाव्यांदा ऐकताना गोडी उतरते. अशा वेळी आवाज कमी करण्यापेक्षा रंग बदलून लेव्हल पुन्हा सुरू करावी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला राहतो. या गेममधले शत्रू पाहून माझ्या मुलाच्या मित्राच्या आईने नापसंती दर्शवली. त्यांत आक्षेपार्ह काय आहे, हे मला नीट समजले नाही. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : अंतराळातून येऊन लोकोरोकोंना गिळणाऱ्या या शत्रूंचे नाव मोजा. ते काळे आहेत, त्यांचे केस जटांसारखे लोंबतात आणि ओठ जाड, ठळक आहेत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून गोरे नट तोंडाला काळे फासून, ओठ मोठे रंगवून रंगमंचावर कृष्णवर्णीय माणसांची टर उडवत आले. तो इतिहास ज्यांच्या घरातला आहे त्यांना मोजांच्या चेहऱ्यात ती जुनी चेष्टा दिसते, आणि हा आक्षेप 2006 सालीच तिथे जाहीरपणे घेतला गेला होता. नायकांच्या सहा रंगांत एक काळाही आहे, हे खरे. पण त्यामुळे शत्रूच्या चेहऱ्याचा प्रश्न मिटत नाही. चित्रकाराच्या मनात काय होते, हे चित्रावरून ठरवता येत नाही, आणि दुखावलेल्याला ते ठरवत बसायला लावणेही बरोबर नाही. एवढ्या जपून घडवलेल्या गेममध्ये शत्रू दुसऱ्या रूपात सहज काढता आले असते. त्या बाईंशी मोकळेपणाने बोला आणि मुलांनाही हा इतिहास त्यांच्या वयाला झेपेल इतका सांगा.

प्रश्न : माझे वय एकाहत्तर आहे. डाव्या हाताच्या बोटांत संधिवात आहे. नातू खेळतो तेव्हा मलाही खेळावेसे वाटते, पण आजवर कोणताच व्हिडिओ गेम जमला नाही. हा जमेल का? (एक आजोबा, ठाणे)

उत्तर : जमेल, आणि आपण जरूर खेळावे. व्हिडिओ गेममध्ये वयस्कर माणसे अडखळतात ती मुख्यतः दोन्ही अंगठ्यांनी वेगवेगळी कामे एकाच वेळी करावी लागतात तिथे. इथे अंगठ्यांना जवळजवळ काम नाही. दोन तर्जनी पुरतात, आणि घाई करायला लावणारे घड्याळ पडद्यावर धावत नाही. लेव्हलला लागलेला वेळ अखेरीस दाखवला जातो, पण तो वाढला म्हणून काही हरत नाही.

अडचण उडीची येईल, कारण तिला दोन्ही बटणे एकदम दाबावी लागतात. डावी तर्जनी दुखत असेल तर यंत्र टेबलावर टेकवून मधल्या बोटाने दाबून पाहा. किंवा नातवाच्या शेजारी बसा आणि उजवे बटण आपण घ्या, डावे त्याला द्या. निर्मात्यांनी हा गेम दोघांसाठी केलेला नाही, पण माझ्या घरी तो असाच सर्वांत जास्त खेळला गेला आहे. उडीच्या वेळी दोघांनी मिळून ‘आता’ म्हणायचे. शेवटच्या काही लेव्हल मात्र नातवालाच करू द्याव्यात. तिथे काटे फार आहेत आणि बोटांना ताण पडेल.

प्रश्न : आता हा गेम घ्यायचा असेल तर जुना पीएसपी शोधावा, की प्लेस्टेशन 4 साठी निघालेली आवृत्ती घ्यावी? जुने यंत्र घेताना काय पाहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घरी प्लेस्टेशन 4 किंवा 5 असेल तर 2017 साली निघालेली नवी आवृत्ती घ्यावी, ती दोन्हींवर चालते. चित्रे टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसतात, आणि सपाट रंगांमुळे मोठी केली तरी ती बिघडत नाहीत. गेम तोच आहे. नवी भर किंवा दोषांची दुरुस्ती यांची अपेक्षा ठेवू नये. हरवते ते जवळपण. हातातले यंत्र आणि पडद्यावरचे जग एकाच वेळी कलते आहे, असा भास पीएसपीवर होतो आणि माणूस नकळत कोपरेही वाकवतो. सोफ्यावर बसून समोर पाहताना ते घडत नाही. म्हणून यंत्र घरी नसेल आणि दोन्ही पर्याय सारखेच खुले असतील, तर मी जुना पीएसपी निवडेन.

तो घेताना सर्वांत आधी वरच्या कोपऱ्यांवरची दोन बटणे तपासावीत. इतर गेममध्ये त्यांतले एखादे ढिले असले तरी निभावते, इथे सगळा खेळच त्यांच्यावर आहे. दोन्ही वीस-वीस वेळा दाबून पाहा, कोठे अडकते का, आवाज बदलतो का, ते ऐका. मग मागचे झाकण काढून बॅटरी सपाट पृष्ठभागावर ठेवा. ती डगमगली किंवा फुगलेली दिसली तर विक्रेत्याकडून वेगळी बॅटरी मागा आणि फुगलेली चार्ज करू नका. डिस्क यंत्रात घालून गेम प्रत्यक्ष सुरू करून घ्या, कारण डिस्क वाचणारा भाग जुन्या यंत्रांत थकलेला असतो. पीएसपीच्या गेमच्या डिस्कना देशाचे बंधन नाही, त्यामुळे युरोपातली किंवा जपानमधली डिस्क स्वस्त मिळाली तर निःशंक घ्या. जपानी डिस्कमध्ये सूचना जपानीत असतील, पण या गेमला सूचनांची गरज पहिल्या लेव्हलनंतर क्वचितच लागते.